निळी गाळणी

गुरुवार, जुलै १९९४

आमच्या मूतखड्याच्या अभ्यासात प्रत्येक पेशंटला एक निळी, बारीक जाळीची इंपोर्टेड गाळणी दिलीय. लघवी तिच्यातून गाळायची आणि सापडलेला खडा तपासणीसाठी आम्हाला आणून द्यायचा. जाधवकाकांचा खडा काही येईना, म्हणून आज मीच अंबरपेठला त्यांच्या घरी गेले.

काकूंनी चहा दिला. अर्धा कप संपला आणि ओट्याकडे लक्ष गेलं. निळी गाळणी! आत चहाचा चोथा.

कप तसाच खाली ठेवला. "काकू, ही तर काकांची ना?"

"छे हो डॉक्टरीणबाई! इतकी देखणी फॉरेनची वस्तू त्या कामाला कोण वापरील? त्यांना आमची चहाची जुनी गाळणी देऊन टाकली."

जीव भांड्यात पडला. आणि मग ती जुनी गाळणी पाहिली. तिच्या भोकांतून मोहरीसुद्धा गळेल! खडा कधीच गेला असणार.

काकाच मला समजावत होते, "नाराज नक्को होऊ बेटा, पुढचा खडा तुलाच."

अभ्यासाचे प्रमुख सर ओरडतील ते वेगळंच. आता प्रत्येक पेशंटच्या घरी जाऊन बघावं लागणार. चहा तर सगळीकडेच पुढे येणार. आणि एखाद्या काटकसरी घरात दोन्ही कामांना निळीच असली तर?