दाराला अडकवलेली ओढणी

आई, आज रविवार आहे. कॉल नाहीत, डबा नाही. नवरा ड्युटीवर भुसावळला गेलाय आणि पोरगी शेजारच्या अक्कांकडे आहे. भिंतीपलीकडून तिचं हसू ऐकू येतं. माझ्याजवळ ती इतकं मोकळं कधी हसली होती ते आठवायला बसले, तर आठवेना. तुला जाऊन सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला दोन ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, कारण खरं सांगायचं तर माझ्या मनात तुझ्याबद्दल रागच होता. आज लिहिते आहे, कारण मंगळवारी जे झालं ते जिवंत माणसांपैकी कोणाला सांगायची माझी छाती नाही.

मंगळवारी तुझी नात शहाणी झाली. अकरा वर्षांची आहे. दुपारी शाळेतून आली तेव्हा मी आतल्या खोलीत कामावर होते. माझी कंपनी पुण्याला, मी इथे मेहरूणमध्ये. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या विम्याच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलायचं. घरी असा एक नियम आहे, की खोलीच्या दाराच्या कडीला माझी लाल ओढणी अडकवलेली असली, की आत यायचं नाही, हाक मारायची नाही, मिक्सर लावायचा नाही. नियम मीच केलाय. आलेल्या-गेलेल्यांना कौतुकाने सांगतेही, की आमची पोरगी किती समजूतदार आहे, चार-चार तास हूं की चूं करत नाही. त्या दिवशी संध्याकाळी सहाला ओढणी काढून बाहेर आले तर घरात कोणी नाही. अक्कांनी दारातूनच मला बोलावलं. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, इतकी वर्षं जळगावात राहूनही घरातली बोली सोडलेली नाही. त्यांच्या पलंगावर पोरगी पोटाशी पाय घेऊन निजली होती, अंगात अक्कांच्या सुनेचा गाऊन. अक्का हळूच म्हणाल्या, "बठ्ठं सांगं मी तिले. तुन्ही पोर हुशार शे, तिले बोलू नको."

म्हणजे जे मी सांगायचं ते अक्कांनी सांगितलं. पॅडचं पाकीट मी दोन वर्षांपूर्वीच आणून ठेवलं होतं, हे तुला मुद्दाम सांगते. या रविवारी सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं करत ते कपाटातच राहिलं. आणि ते कपाट माझ्या कामाच्या खोलीत, खुर्चीवरून हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर. पोरगी पलीकडे, पाकीट अलीकडे, मध्ये ती ओढणी.

तुला आपलं क्वार्टर आठवतं का? पहूरच्या पुढच्या त्या खेड्यातलं, पुढे आरोग्य उपकेंद्र आणि मागे आपली एक खोली, मध्ये निळं दार. बाबा सुरतेला मिलमध्ये, वर्षातून दोनदा यायचे, त्यामुळे घर म्हणजे तू आणि मी. तुझा नियम माझ्या ओढणीपेक्षा कडक होता. अंगावर पांढरी साडी असेपर्यंत तुला आई म्हणायचं नाही, सिस्टर म्हणायचं. गाव म्हणायचं तसं. का, तर एकदा बाळंतिणीला कळा येत असताना मी दप्तरासाठी 'आई आई' करत आत घुसले होते म्हणून. संध्याकाळी तू खोलीत यायचीस, साडी बदलायचीस, हात कोपरापर्यंत धुवायचीस, आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचीस, "हं, आता बोल." तोवर माझं बोलायचं निम्मं विसरून गेलेलं असायचं.

मी बाराची होते. बुधवार होता, म्हणजे डोसचा दिवस. ओटीवर बायांची ही रांग, कडेवर रडकी पोरं. मी शाळेतून अर्ध्यातून पळत आलेले. मला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि आपण आता मरणार. पण निळ्या दारातून आत जायची हिंमत झाली नाही, म्हणून मी मागून वळसा घालून पुढे आले आणि रांगेत उभी राहिले. दप्तर मागे धरून. हसू नकोस, मला खरंच वाटलं की सिस्टरकडे जायचा हाच रस्ता आहे. माझ्या पुढे नऊ बाया होत्या, मी मोजल्या होत्या. नंबर आला तेव्हा तू रजिस्टरमध्ये डोकं घालून बसली होतीस. मान वर न करता तू विचारलंस, "नाव?"

मी माझं नाव सांगितलं. तू वर पाहिलंस. "लायनीत कामून उभी आहेस? घरात जा." मागच्या बाया फिसफिसल्या. मी घरात गेले आणि संध्याकाळपर्यंत पोत्यावर बसून राहिले, हलले नाही. तू साडी बदलायला आलीस आणि एका नजरेत तुला कळलं. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला गेल्या मंगळवारी कळलं, कारण तसाच माझा झाला असणार. तू म्हणालीस, "दर महिन्याला त्याच दाराआड पोरींना गोळा करून सांगते मी. मला वाटलं, तू ऐकलं असशील."

ऐकत नव्हते मी. दाराआडचं ऐकायचं नाही, हा पण तुझाच नियम होता.

हे एवढं मी लोकांना तीस वर्षं सांगत आले. नवऱ्याला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं, मैत्रिणींना तर कितीदा. आणि एकदा तुलाही तोंडावर म्हटलं, की तू गावाची आई होतीस, मला फक्त सिस्टर मिळाली. तेव्हा तू पेन्शनीत होतीस, मेथी निवडत होतीस. एक काडी दोनदा निवडलीस, एवढं आठवतं. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाला त्या खेड्यातून गाडी भरून बाया आल्या, एकेक जण सांगत होती, सिस्टरने मला हे शिकवलं, ते शिकवलं. मी समोर पांढऱ्या कपड्यांत बसून मनात म्हणत होते, शिकवलं असेल तुम्हाला.

पण पुढचं मी कधीच कोणाला सांगितलं नाही. उपकेंद्रात कापसाची बंडलं होती. तू त्यांना हात लावला नाहीस, ती सरकारी. तू दोरीवरची तुझी पांढरी साडी ओढलीस, दोनपैकी चांगली होती ती, आणि दातात धरून टर्रकन फाडलीस. मऊ घड्या करून माझ्यापुढे ठेवल्यास, कसं घ्यायचं ते दाखवलंस, आणि मग मला मांडीवर घेऊन बसलीस, बाराची घोडी असूनही. त्यानंतर पगार होईपर्यंत तू एकच साडी रोज धुवून वापरलीस, दोनदा तर ओलीच नेसलीस. गोष्ट सांगताना मी साडीपाशी आले की थांबायचे. साडी सांगितली तर माझा राग लंगडा पडला असता.

मंगळवारी संध्याकाळीच पोरीला अक्कांकडून घरी आणलं. गरम पाण्याची पिशवी दिली, शिरा केला, तिने दोन घास खाल्ले. मी म्हटलं, मला हाक का नाही मारलीस. ती म्हणाली, "ओढणी लावलेली होती." मग मोबाइलवर मेसेज टाकायचा. तर म्हणाली, कॉलच्या वेळी तुझा मोबाइल बंद असतो. एकेक उत्तर बरोबर होतं. त्यात तक्रार नव्हती, तेच मला जड गेलं. शाळेतही अजून काही सांगितलं नव्हतं म्हणे. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? मी म्हटलं, "मला वाटलं, तुला माहीत असेल." तुझंच वाक्य. घरून काम, दिवसभर पोरीच्या नजरेसमोर, आपण आईसारखं करायचं नाही, असं घोकत मी अकरा वर्षं काढली आणि येऊन पोचले तिथेच. पोरगी मलाच म्हणाली, "सॉरी मम्मी, पुढच्या वेळी अक्कांना त्रास नाही देणार. आता मला जमेल."

तिला आता जमेल, आणि याचीच मला भीती वाटते. तू निदान माझ्या रागात राहिलीस, मी रागाने का होईना तुझ्याकडे येत होते. ही रागावतच नाही. मी घरात असून हिच्या आयुष्यातून अशीच हळूहळू वजा होईन आणि तिला कळणारही नाही. नवरा म्हणतो, तू फार मनाला लावून घेतेस, आजकालच्या पोरी हुशार असतात. असतात ना, त्यात काय शंका. सोमवारपासून ओढणी लावायची नाही असं मी ठरवलंय. पण दहाच्या कॉलला सुपरवायझर असतो, गेल्या वेळी कुकरची शिट्टी ऐकू गेली तेव्हा त्याने लेखी विचारलं होतं. म्हणजे उद्या सकाळी मी काय करेन ते मला आत्ताच ठाऊक आहे.

पाकीट मी बाथरूमच्या फळीवर ठेवलंय. कपाटात त्याच्या जागी हे पत्र ठेवीन, तुझ्या पत्त्यावर टाकायला पेटी नाही. पण एक गोष्ट राहिली. अक्कांना, नवऱ्याला आणि पोरीलाही मी सांगितलंय, की मला काहीच ऐकू आलं नाही, कानाला हेडफोन होता. आई, तू त्या दिवशी निदान मान वर करून पाहिलं होतंस. साडेतीनच्या सुमाराला दारावर एकदाच टकटक झाली होती, अगदी हलकी. मी ऐकली होती. चार्जर मागत असेल म्हणून मी हेडफोनचा आवाज वाढवला.