उजव्या पापणीचा निळा

सालवड, बोईसर
फाल्गुन, रविवार, दुपारी सव्वातीन

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी झुंबरचा दंडवत. (कंबरेमुळे यंदा तो कागदावरच घालतो आहे. भेटीत उरलेला पुरा करीन.)

आपली साखर, चंद्रकांताताईचे गुडघे आणि व्यायला आलेली जर्सी, तिघांचीही खबर याच क्रमाने कळवावी. आम्ही येथे मजेत आहोत. हे सारं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी "बरं, मग?" म्हणता आणि माझा तपशील सांडतो. म्हणून कागद घेतला.

तर आमच्या प्रतीक्षाचं आपणास ठाऊकच आहे. पालघरला वर्षभर पार्लरचा कोर्स केला, आता पुढच्या खोलीत आरसा आणि फिरती खुर्ची मांडून बसली आहे. आजवर भुवया, मेंदी, केस कापणं एवढंच आलं. नवरी एकही नाही. गेल्या महिन्यात तिने आईला सांगून टाकलं की उन्हाळ्यापर्यंत एक नवरी मिळाली नाही, तर खुर्ची विकून कंपनीत पॅकिंगला जाईन. (मला सांगितलं नाही. मला भिंतीपलीकडून ऐकू येतं.) आणि नेमकं त्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून बोलावणं आलं. नलूबाई म्हणून मासे विकणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या हिनाचं वैशाखात लग्न. आधी एकदा मेकअप करून दाखवायचा, पसंत पडला तर काम आपलं. दांडीत एक नवरी नीट सजली की अख्खी आळी त्याच पोरीकडे येते, हे मी खात्रीशीर माणसाकडून पडताळून घेतलं आहे.

या कामासाठी प्रतीक्षाने कुरिअरने एक पॅलेट मागवलं. पॅलेट म्हणजे पापणीवर लावायच्या रंगांची डबी, आत बारा खण. "वसंतातलं रान" अशी त्याची कल्पना असून प्रत्येक खणाला निसर्गातलं नाव आहे : पळस, पांगारा, कुसुंबाची पालवी, आंबामोहोर, कैरी, चाफा, वाळू, भरती, मोरपीस वगैरे. मी फक्त एवढंच म्हणालो की नाव पळस असेल तर आत पळसच असला पाहिजे, तपासून घेऊ. यात माझं काय चुकलं ते सांगा. सत्तावीस वर्षं मी रंगाच्या कारखान्यात शेड जुळवतो. शिक्षण दहावी, तेही बाहेरून, पण रंगशास्त्राची इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली आहेत. केमिस्टची डिग्री घेतलेली पोरं दोन कापडं घेऊन येतात आणि विचारतात, "काका, लाल जास्त आहे का पिवळा?" मी खिडकीपाशी जातो, एकदाच बघतो आणि सांगतो. (ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही.)

मी सुट्टीचा दिवस धरून स्कूटरवर मनोरच्या बाजूला गेलो आणि नमुने गोळा केले. पळसाची फुलं तीन झाडांची, कारण एका झाडावर निष्कर्ष काढता येत नाही. कुसुंबाची पालवी कोवळी, मध्यम आणि जून. मोहोर आमच्याच गल्लीतला. खिडकीत पांढरा कागद पसरून एकेक खण ताडून पाहिला. पळस पास. पांगारा पास. पालवी तर इतकी हुबेहूब की मी डबीवाल्यांना अभिनंदनाचं कार्ड लिहायला घेतलं होतं. मोरपिसाला मात्र शेरा मारला की मोर वसंतात नव्हे, पावसात. प्रतीक्षा म्हणाली, "पप्पा, हे डोळ्याला लावायचंय, गोणीत भरायचं नाहीये." तिच्या आवाजात आदर होता, असं मी धरून चाललो आहे.

खरी अडचण निघाली भरतीची. हिनाला पापणीवर निळा हवा होता, पण तिच्या बापाच्या बोटीचा निळा. शेंदरी साडी आणि बोटीचा निळा डोळा. मला ही मागणी फार आवडली, कारण ही पोरगी "छानसा निळा" म्हणत नाही, नमुना दाखवते. भरतीचा खण बोटीच्या जवळपास होता, पण जवळपास म्हणजे जुळला नव्हे. मी दांडीला जाऊन बोट बघून आलो. फोटो काढला नाही. फोटोत निळा नेहमी खोटं बोलतो आणि मी एकदा पाहिलेली शेड माझ्या डोळ्यात राहते. घरी येऊन काचेवर भरती आणि मोरपीस मिसळायला बसलो. (कारखान्यातला एक कणही आणला नाही. डोळ्याचं काम आहे, एवढी अक्कल मला आहे.)

आता मुद्दा असा, की कापडाचा रंग कापडावर बघतात, तसा पापणीचा पापणीवरच बघायला हवा. सौ. सुगंधाकडे पापणी मागितली. ती म्हणाली, "दोन तुम्हालाही दिल्यात की देवाने." उत्तर तर्काला धरून होतं. मी छोटा आरसा घेऊन खिडकीपाशी बसलो आणि प्रतीक्षाकडून आधी डाव्या पापणीला लावून घेतला. डावा डोळा मिटला, उजव्याने आरशात पाहिलं. एका हातात, म्हणजे रंगाच्या एकाच थरात, बोट जुळली. मग उजव्या पापणीला लावला, उजवा मिटला, डाव्याने पाहिलं. शेवाळलेला दिसला. पुन्हा निळा चढवला, पुन्हा शेवाळ. प्रतीक्षा म्हणत होती, "पप्पा, पुरे, चांगला दिसतोय," पण ती ट्यूबलाइटच्या पिढीतली. मी अकरा हात चढवून घेतले तेव्हा कुठे उजवी पापणी डावीच्या जवळ आली.

निष्कर्ष मी वहीत लिहिला : उजव्या पापणीची कातडी रंग पिते. कापडातही असे तागे निघतात, त्यात मला नवल वाटलं नाही. मी डाव्यासाठी एक आणि उजव्यासाठी एक, असे दोन वेगळे रंग घोटले, डब्यांवर "डावा" आणि "उजवा" अशा चिठ्ठ्या लावल्या. प्रतीक्षाने दोन्ही डब्या पिशवीत भरल्या. पहिल्या नवरीच्या आदल्या दिवशी पोरीने बापाशी भांडावं तरी कसं. ते मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दांडीला मीही गेलो. नमुना बरोबर असावा म्हणून पापण्या धुतल्या नव्हत्या, वर गॉगल लावला होता. अंगणात खाटेवर हिना, समोर प्रतीक्षा, एका बाजूला सुकत घातलेले बोंबील आणि दुसऱ्या बाजूला नलूबाईंच्या चार जावा-भावजया, परीक्षकांसारख्या. मी शेजारी उभा राहून "डावा" म्हटलं की डावी डबी, "उजवा" म्हटलं की उजवी. उजवीवर अकरा हात मी मोजून घालून घेतले. प्रतीक्षाचा हात आठव्यानंतर जड झाला होता, पण तिने पुरे केले. मग हिनाने डोळे मिटून तोंड वर केलं.

दाजी, डावी पापणी म्हणजे नुकती रंगवलेली बोट. आणि उजवी पापणी म्हणजे त्या बोटीशी धडकलेलं माणूस. काळीनिळी. कोणीतरी ठोसा मारावा तशी. एक भावजय म्हणाली, "लग्नाआधीच मारला का गो हिला नवऱ्यानं?" सगळ्या हसल्या, नलूबाई सोडून. प्रतीक्षाने कुंचला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या हनुवटीला लहानपणी रडण्याआधी खळी पडायची, ती पडली होती.

मला काही कळेना. घरी दोन्ही पापण्या सारख्या दिसत होत्या. मी गॉगल काढला, डावा डोळा मिटून हिनाकडे पाहिलं, मग उजवा मिटून पाहिलं. उजवा मिटला की तिची काळी पापणी बरीच बरी दिसे. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मी शोधात इतका बुडालो होतो की आपण निळ्या पापण्यांचे एक्कावन्न वर्षांचे गृहस्थ असून नवरीला आलटून पालटून डोळे मारतो आहोत, हे ध्यानातच आलं नाही. नलूबाई उठल्या.

"ओ भाऊ, माज्या पोरीला डोला मारता? तोबी रंगवून?"

मी घाईघाईने सांगू लागलो की बाई, मी शेड बघतो आहे, एका डोळ्याला एक दिसतं आणि दुसऱ्याला दुसरं. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, माशाचे कल्ले उचलून बघतात तशा. मग जाळं शिवायचा दोरा आणला, दोन रिळं. म्हणाल्या, "उजवा डोला झाका. आता सांगा, यातला निला कंचा?"

मी एका रिळावर बोट ठेवलं. पाचही बायका एकदम हसल्या.

"हिरवा दावलाव तुमी. मोतीबिंदू हाय तुमाला. आमच्या यांचा डोला असाच झालता, दोन वरसं माज्यावरच खेकसत होते, जाल्याला धुतलं नाय म्हनून. पोरीची काय चूक नाय. बाप पिकलाय."

दाजी, रंगाच्या बाबतीत माझी चूक काढणारं माणूस सत्तावीस वर्षांत भेटलं नव्हतं, आणि भेटलं ते जाळ्याचं रीळ घेऊन. मी प्रतीक्षाला सगळ्यांसमोर म्हणालो, "बाळा, तू पुरे म्हणाली होतीस, तेच बरोबर होतं." तिने हिनाची उजवी पापणी पुसली, उजवी डबी माझ्या हातात दिली आणि डाव्या डबीतला रंग बोटाने एकदाच फिरवला. कोपऱ्यात पळसाचा एक थेंब ओढला, जो मी सांगितला नव्हता. मग हिनाला हात धरून किनाऱ्यावर बोटीपाशी उभी केली, उन्हात. हिनाने डोळे मिटले. मी डावा डोळा हाताने झाकून पाहिलं. पापणी कुठे संपते आणि बोट कुठे सुरू होते ते सांगता येत नव्हतं, आणि तो पळसाचा थेंब बोटीवर कावळा बसावा इतका सहज बसला होता.

नलूबाईंनी लग्नाचं काम प्रतीक्षाला दिलं. वर दोन जावांच्या पोरींची नावं लिहून घ्यायला सांगितली. प्रतीक्षाने विचारलं, लग्नाला पप्पा आले तर चालतील का? त्या म्हणाल्या, "आन की. डोले मात्र कोरे ठेव म्हनावं." परत येताना स्कूटरवर मागे बसून पोरगी बोईसरच्या चित्रालय नाक्यापर्यंत हसत होती. मी आरशात बघत होतो. उजव्या डोळ्याने.

घरातील लहानथोरांस यथायोग्य सांगावे. जर्सी व्याली की रंग कळवावा, पण दुसऱ्या कोणाला विचारून.

आपला,
झुंबर

ता. क. : कारखान्यात शेड मोजायचं यंत्र आहे. डाव्या हाताला ठेवलेले नमुने ते चुकीचे सांगतं, अशा तीन लेखी तक्रारी मी दिल्या होत्या. काल मागे घेतल्या. यंत्राची माफी कशी लिहितात याचा मसुदा मिळाला नाही, तो मीच केला. चांगला जमला आहे.

आणखी ता. क. : पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. डाव्यात मोतीबिंदू नक्की आहे. पंधरा मिनिटांचं काम, म्हणाले. मी सतरा प्रश्न विचारले. नवव्यानंतर त्यांनी चहा मागवला, स्वतःसाठी.

शेवटचा ता. क. : ऑपरेशन गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आहे. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असल्याने तुम्ही अनुभवी. दोन दिवस आधी यावं आणि आत नेतील तेव्हा दाराशी बसावं, म्हणजे काही तांत्रिक शंका आली तर विचारता येईल. ताईला सांगा, पाडव्याला बोलावलंय. पत्र सुगंधाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढी पानं खरडण्यापेक्षा "दाजी, या, भीती वाटते" एवढंच लिहायचं होतं. बायकोचं ऐकावं म्हणून लिहितो :

दाजी, या. (पुढचे दोन शब्द मी गाळले आहेत.)