दादाची दोन सीटची गाडी

ता. ६ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी देवाचं नाव घेतलं, जुना पायजमा चढवला आणि दादाच्या गाडीखाली शिरलो. घर विकलं गेलंय, शेड महिन्याभरात रिकामी करून द्यायची आहे, तर गाडी दुरुस्त करण्याजोगी आहे का ते बघून सांगा, असं तुम्ही लिहिलं होतंत. मी फाटकं आणि जाळ्या जोडणारा वेल्डर. इंजिनातलं मला बेताचंच कळतं, पण लोखंडात किती जीव उरलाय ते कळतं. म्हणून कुणाला न बोलावता आधी एकटाच गेलो.

आवरण काढलं तेव्हा क्षणभर फसलो. तोच लाल रंग, तेच लांबलचक नाक, चाकांच्या तारासुद्धा चकचकीत. दादा घरात किल्ली शोधायला गेलाय आणि आत्ता शिव्या देत बाहेर येईल, असं वाटलं. पट्टा धरून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. अडकलेलं नाही. मग खाली शिरून हातोडीने ठोकत गेलो. चांगलं लोखंड ठणकन बोलतं. इथे दाराखालची पट्टी ओल्या पुठ्ठ्यासारखी बोलली. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला आणि गंजाचे पापुद्रे डोळ्यांत पडले.

कारणही सापडलं. दाराखालच्या पट्टीला पाणी निथळून जायला भोकं ठेवलेली असतात. ती कुणीतरी चिंध्यांचे बोळे मेणात बुडवून गच्च बुजवलीत. गाडी धुताना आत गेलेलं पाणी आतच बसलं आणि वर्षानुवर्षं खात राहिलं. दादा असं करणार नाही. त्याच्या आजारपणात गाडी धुवायला कुणाला ठेवलं असेल, त्या शहाण्याचं हे काम. कधी समोर आला तर त्यालाच त्या पट्टीत बसवून वरून बोळा मारीन.

निकाल अजून देत नाही. चासी, म्हणजे सगळा भार पेलणारा खालचा सांगाडा, किती गेली आहे ते गाडी उचलून बघायला हवं.

बाकी माझं ठीक. दुकान बंद करून घरी आलो की रेडिओ लावतो, तेवढाच घरात आवाज. काल बातम्या देणाऱ्याने नमस्कार म्हटलं, तर मी चूल सोडून नमस्कार केला.

तुमची माया इतकी वर्षं पुरली आहे, पुढेही पुरवावी.

तुमचा,
धाकटा

ता. १४ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अ. आ.

पत्र पोचलं. तुम्ही ज्या शहाण्याला शोधताय, ती मी.

रागावलेले नाही. लेक आणि जावई कामाला गेल्यावर पत्र पुन्हा वाचलं आणि दुपारभर गॅलरीत बसून राहिले, इतकंच. अंथरुणावरून यांना खिडकीतून शेड दिसायची. सारखे विचारायचे, धुतलीस का, खालून धुतलीस का. मी पाइप लावून खालूनसुद्धा धुवायचे. एक दिवस गाडीच्या दाराखालच्या भोकातून उंदीर निघताना पाहिला. यांना सांगितलं असतं तर औषध घ्यायचे थांबले असते. म्हणून जुनी चादर फाडली, मेणबत्त्या वितळवल्या आणि एकही भोक सोडलं नाही. काम फार नेटकं झालं, असं माझं मलाच वाटलं होतं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

ते गेल्यावरही इथे येईपर्यंत धुणं सोडलं नाही. धुवायची आणि धूळ बसायच्या आत आवरण ओढून घ्यायची. शेजारणी म्हणायच्या, विकून मोकळ्या व्हा. मी म्हणायचे, यांच्यामागे निदान एक वस्तू तरी मी धड ठेवली आहे. ते आता कुणाला म्हणायला नको.

भाऊजी, ती गाडी तुम्ही दुरुस्त कराच. पट्ट्या बदला, जोड द्या, काय लागेल ते करा. रस्त्यावर आली की मी येते. चार दिवस तुमच्याच डोक्यावर बसेन. आम्ही दोघं फिरायला निघायचो आणि तुम्ही दर वेळी फाटकात उभे राहून हात हलवायचात. तिसऱ्याला जागाच नव्हती. आता तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. लेकीला नुसतं जावंसं वाटतं म्हटलं, तर ती विचारते, आई, तिथे आता आहे कोण. गाडी चालू झाली म्हटलं की तिला नाही म्हणता येणार नाही.

पण मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नका. खोटं बोलायला लागलात की तुम्ही फार गोड होता. माझा त्या घरातला पहिला स्वयंपाक सगळ्यांनी पाण्याबरोबर गिळला आणि तुम्ही एकटे वा वा करत पुन्हा मागत होतात.

उभ्याउभ्या जेवण उरकू नका. माझे आशीर्वाद तिथवर पोचतात, असं समजून वागा.

तुमची,
वहिनी

ता. क. रेडिओला नमस्कार केलात हे चारचौघांत सांगू नका. मी इथे लिफ्टला थँक्यू म्हणते, तेही कुणाला ठाऊक नाही.

ता. ५ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. बोळा मारायची भाषा मागे घेतो. तुमचं पत्र वाचलं तेव्हा हातातला कप तसाच निवला.

पत्र आलं त्याच दिवशी मी एक उत्तर लिहिलं होतं. शेडचं छप्पर गळत होतं, पाणी तिथून आलं, गाडी होईल, तुम्ही या, असं त्यात होतं. वाचून पाहिलं तर फार गोड होतं. फाडून टाकलं. सकाळी प्रार्थनेला बसलो, तिथेही मन लागेना. देवाकडे गाडी मागतोय असं मला वाटत होतं. मागत होतो तुमचं येणं.

म्हणून पुन्हा शेडमध्ये गेलो आणि गाडी ठोकळ्यांवर चढवली. नवी पट्टी घालणं मला जड नाही. पण वेल्डला धरायला शेजारी चांगलं लोखंड लागतं. जोड कुठे द्यावा म्हणून घासत गेलो, तर घासीन तिथे भोक. पुढच्या चाकाचा आधार जिथे चासीला बसतो, तिथली ढलपी नुसत्या बोटाने निघून आली. वरून पत्रा ठोकून, रंग मारून चालू करता आली असती. चौकापर्यंत गेलीही असती. एखाद्या वळणावर चाक आत आलं असतं, आणि शेजारच्या सीटवर तुम्ही असतात. अख्खी चासी नवी केली, तर ती दादाची गाडी राहत नाही, माझ्या फाटकांतलंच एक फाटक होतं. तेव्हा वहिनी, ही गाडी होण्याजोगी नाही.

पाणी तुमच्या बोळ्यांमुळे बसलं. ते मी छपरावर किंवा नशिबावर ढकलत नाही. पण त्याच बोळ्यांचं आणखी एक आहे, ते लिहायला हवं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला घेऊन गेलो होतो. एक वायर तुटलेली नाही, सीटच्या कातड्याला दात लागलेला नाही. त्याने टाकी धुतली, नवी बॅटरी जोडली, आणि इंजिन खोकत खोकत चालू झालं. त्याने विचारलं, इतकी वर्षं बंद शेडमध्ये आणि उंदीर कसे शिरले नाहीत. मी म्हटलं, आमच्या वहिनींनी शिरू दिले नाहीत. तो म्हणाला, मग त्यांना महिनाभर माझ्या गॅरेजवर पाठवा.

तो गेल्यावर इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं आणि आत बसलो. शेजारच्या सीटवर. चालवणाऱ्याच्या जागी बसवेना.

याच जातीची एक गाडी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे इंजिनावाचून उभी आहे. तिची चासी मी स्वतः ठोकून पाहिली, ठणठणीत आहे. इंजिन, वायरी आणि दोन्ही सीट तिकडे दिल्या. तुम्हाला न विचारता दिल्या. विचारलं असतं तर मीच पुन्हा डळमळलो असतो.

तुम्ही यायचं ते गाडीच्या निमित्ताने येणार होतात, आणि आता गाडी नाही. तरी लेकीने विचारलं की तिथे कोण आहे, तर धाकटा दीर आहे असं सांगून बघा. पुढची खोली झाडून ठेवली आहे. नाही जमलं तर तसं कळवा, मी वाट बघण्यात दिवस ढकलणार नाही. हे वाक्यही जरा गोडच झालं.

उरलेला सांगाडा अख्खा भंगारवाल्याच्या हाती देववेना. आज सकाळी टाकी काढून बाहेर ठेवली, गॅस कटर लावला आणि मीच कापला. आधी दारं, मग नाक, शेवटी चासी. ती कापायला फार वेळ लागला नाही. तुकडे त्याच्या हातगाडीत भरून दिले, शेड धुतली, पाणी निथळेपर्यंत दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसलो, आणि मग किल्ली नव्या मालकांना नेऊन दिली.

राग आला तर तोही पत्रातून पाठवा. तुमच्या हातचा आहे म्हणून जपून ठेवीन.

तुमचा,
धाकटा