तिसऱ्या खंडातली तुलिया

प्रिय भाऊ,

काल दुपारी तुलिया मेली.

तिसऱ्या खंडात, शेवटून दुसऱ्या प्रकरणात. पावाच्या भट्टीला आग लागते, आतल्या दोन पोरींना ती बाहेर ढकलते आणि स्वतः आतच राहते. मी ते पान तीनदा वाचलं. शब्दकोश उघडून एकेक शब्द पुन्हा पाहिला. म्हटलं, आपलंच इंग्रजी कच्चं, काहीतरी चुकत असेल. चुकलं नव्हतं. तू जाऊन पाच महिने झाले. इतके दिवस तुझ्यासाठी रडत होते. कालपासून मात्र नुसता राग येतोय, आणि तो सांगायला दुसरं कोण आहे?

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालास आणि अकोल्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्या रोमन कादंबऱ्यांचे सहा जाडजूड खंड घरी घेऊन आलास. मी इकडे अमरावतीत, जन्मभर मराठी शाळेत शिकवलेली बाई. इंग्रजी पुस्तक दिसलं की लांबूनच नमस्कार करायची. तू म्हणालास, मी वाचतो, तू ऐक. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला तुझा फोन. "जय भीम शोभे, कुठवर आलो होतो आपन?" आणि रोम सुरू.

काय दिवस होते ते! तुझ्या तोंडी सगळे सिनेटर वऱ्हाडीत भांडायचे. सिनेट म्हणजे आपली जिल्हा परिषदच समज, म्हणायचास, फक्त चादरी गुंडाळून बसलेली. सैन्य नदी ओलांडणार, तेवढ्यात वहिनी तुला जेवायला हाक मारायची आणि मी आठवडाभर नदीच्या अलीकडे ताटकळत बसायची.

आणि तुलिया. लहानपणी गुलाम म्हणून विकलेली, सुटका झाल्यावर रोमच्या गल्लीत पावाची भट्टी टाकणारी. जुन्या मालकाच्या डोळ्यात डोळे घालून बोलायची. मला ती आपल्या बार्शीटाकळीच्या मोठ्या आत्यासारखी वाटायची.

तिसरा खंड चालू असतानाच माझ्या प्रियाचे बाबा गेले. महिनाभर तू रोमचं नावही काढलं नाहीस. मग एका रविवारी फोन आला. भट्टीला आग लागली, असं सांगून तू थांबलास. मी विचारलं, "मेली?" पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणालास, "मरते कायची! छपरावरून पयाली." त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसले, भाऊ. शेजारीण दारात येऊन बघून गेली.

म्हणजे त्या एका क्षणात तू ठरवलंस?

पुढचे तीन खंड तुझ्या तुलियाने नुसते गाजवले. नवी भट्टी टाकली, न्यायाधीशापुढे स्वतःचा खटला स्वतः लढली, गाढवाची गाडी स्वतः हाकली. "ते बाई गाढवगाडी हाकते, अन् तुले स्कूटी काहून जमत नाही?" तुझ्या या एका वाक्यापायी मी चौपन्नाव्या वर्षी, राजापेठेच्या त्या गर्दीत, शिकवणीच्या पोरांच्या गाड्यांमधून स्कूटी चालवायला शिकले. दोनदा पडले. दोन्ही वेळेस मनात म्हटलं, तुलिया उठली असती. आणि आता कळतं की तुलिया तेव्हा नव्हतीच. जिच्या जिवावर मी तीन वर्षं काढली, ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. हसू नकोस, मला फसवल्यासारखं वाटतंय.

हे एवढंच असतं तर मीही हसले असते.

पण गेल्या वर्षी तुझा आवाज बसला. तू म्हणालास, ॲसिडिटी आहे. मग फोन लहान होत गेले. एकदा मागून चाकांचा, भांड्यांचा, बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. विचारलं तर म्हणालास, पातूरला दोस्ताच्या पोरीच्या लग्नात आलो आहे. मी म्हटलं, मग फोन ठेव, जेव. तू म्हणालास, नाही, आजचा भाग ऐकून घे. मी ऐकत बसले. तू नागपूरच्या दवाखान्यात होतास, हे मला कळलं ते वहिनीने बोलावून घेतलं तेव्हा. मी पोचले तेव्हा तोंडावर मास्क होता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि डोळे मिटून घेतलेस. आठ महिने कॅन्सर होता, भाऊ. आठ महिने! अमरावती काय इतकी लांब आहे?

तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी वहिनीशी भांडले. तुम्हाला माहीत होतं, तुम्ही का नाही सांगितलं? वहिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शपथ घातली होती त्यायनं मले. म्हने ते रडन, अन् मले तिचं रडनं पाहावत नाही." मग निवडलेली भाजी बाजूला सारून म्हणाली, "पुस्तक तं घरीच राहून गेलं होतं बाई. दवाखान्यात डोये मिटून सांगत होते तुमाले."

तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही. तिने सहाही खंड माझ्या पिशवीत भरले. वाटलं, भावाची आठवण आहे, हळूहळू वाचू. काल त्या जळीताच्या पानावर, समासात, तुझं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं: हे शोभीले सांगायचं नाही.

कुणी दिला तुला हा अधिकार? माझ्या वाटचं रडणं मला रडू द्यायला हवं होतंस. तुझ्या उशाशी बसून मी पाय चेपले असते, तूच सांगितलेलं रोम तुलाच सांगितलं असतं. मला निरोपसुद्धा घेता आला नाही, कारण माझ्या हिशोबाने तू लग्नात जेवत होतास.

अजून माफ केलेलं नाही. खोटं कशाला लिहू?

पण एक सांगते. मागच्या आठवड्यात मलाही छातीत गाठ लागली. डॉक्टरीणबाईंनी सुईची तपासणी सांगितली आहे, परवा जायचं आहे. काल संध्याकाळी पुण्याहून प्रियाचा फोन आला. आई, आवाज असा का येतो, म्हणाली. आणि मी पटकन म्हणाले, काही नाही गं, झोप झाली नाही नीट. बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. तो आवाज माझा नव्हता, तुझा होता. इतकं सोपं असतं होय रे हे?

तेव्हा शब्द देते. हे पत्र झालं की प्रियाला फोन लावीन. गाठीला गाठच म्हणीन. ती रडेल, खूप रडेल. मी फोन ठेवणार नाही.

तुझ्यावर चिडलेली,
शोभी