बला टळली

८ एप्रिल १९९७, मंगळवार. गुढीपाडवा.
आजपासून रोजनिशी. वाचणारा मीच, त्यामुळे खोटं लिहिण्याचं कारण नाही.
नवं वर्ष, नोएडात नवा फ्लॅट, नवी नोकरी. मिनिस्ट्रीत अठरा वर्षं फायली बांधल्या. आता पेजर कंपनीत असिस्टंट मॅनेजर. लोक मोबाईल मोबाईल करतात, ते श्रीमंतांचं खूळ आहे. दोन वर्षांत उतरेल. पेजरला मरण नाही.
संकल्प: पहाटे उठणे. चिडायचं नाही. घरात एखादा प्राणी आणणे. अबोलीला कुत्रा हवा आहे, पण आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीच इतका भुंकतो की दुसरा नको. मासे बरे. आवाज नाही, फिरवणं नाही.
साधना आंघोळ करून आली आणि म्हणाली, डाव्या छातीत गाठ लागतेय हाताला, दाखवू या का? विचारलं, दुखते का? नाही म्हणाली. जे दुखतच नाही त्याला दुखणं कसं म्हणायचं? सणाच्या दिवशी असले विषय नकोत, असं सांगितलं. श्रीखंड उत्तम.

१३ एप्रिल, रविवार.
अट्टा मार्केटातल्या हरीशकडून काचेचा टँक आणला. हवेचा पंप, खडे, आठ सोनेरी मासे आणि एक काळा. एकूण नऊ, हाच नंबर लकी, असं हरीश म्हणाला. माणूस दुकानदार आहे, पण अभ्यासू.
अबोलीला विचारलं, मासा श्वास कशानं घेतो? म्हणाली, गलफड्यांनी. आई मराठी शाळेत शिकवते आणि मुलीला ‘कल्ले’ शब्द माहीत नाही! साधना पहाडगंजला जाऊन दुसऱ्यांच्या पोरांना मराठी शिकवते, हे इथे नमूद करून ठेवतो.

१६ एप्रिल, बुधवार.
दोन मासे मेले. हरीशकडे भांडायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, “भाईसाब, मछली मरी नहीं है. आपकी बला ले गई.” घरावर येणारं संकट मासा स्वतःवर घेतो म्हणे.
विश्वास बसला नव्हता. पण ऑफिसला गेलो तर पाच जणांना काढल्याचं कळलं. यादीत माझं नाव नाही! संध्याकाळी दोन नवे मासे आणले.

३ मे, शनिवार.
काळा गेला. दुपारी सेक्टर अठराच्या चौकात ब्लूलाइन बस माझ्या स्कूटरला घासून गेली. खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळी दुसरा काळा आणला. हा हिशेब कुठल्या सायन्समध्ये बसतो, सांगा.
साधनानं गाठीची आठवण केली. तेवढीच आहे म्हणाली. वाढली नाही, म्हणजे उतरणीला लागली. सरकारी दवाखान्याचं कार्ड नोकरीबरोबर गेलं, आणि प्रायव्हेट डॉक्टर एकदा धरला की सोडत नाही. पुढच्या महिन्यात पाहू.

२२ मे, गुरुवार.
लाइट सकाळी गेली ती चारला आली. पंप बंद. टँकचं पाणी चहाइतकं गरम. चार मेले. एका दिवसात चार! घरावर काय येणार होतं कोण जाणे. साधनाला हात धरून टँकपाशी नेलं आणि म्हटलं, बघ, तुझी गाठ यांनी नेली.  तिनं चाळणीनं मासे काढून कुंडीत पुरले. नवे आणायला मीच गेलो.

२९ जून, रविवार.
अबोलीनं शाळेच्या लायब्ररीतून माशांचं पुस्तक आणलं आहे. तिच्या मते मी रोज मूठभर खाणं टाकतो, चिमूटभर पुरे. नळाचं पाणी तसंच ओततो, ते दिवसभर उघडं ठेवायला हवं. मासे तू मारतोयस बाबा, म्हणाली. बारा वर्षांची पोर! मोठ्या मनानं टँक तिच्या ताब्यात दिला. संकल्प: चिडायचं नाही.

१० ऑगस्ट, रविवार.
मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबला. साधनानं आजचा दिवस डॉक्टरसाठी मागून ठेवला होता, म्हणे. मला आठवत नाही. सीटचे पैसे भरलेले, शिवाय मोकळ्या हवेनं निम्मी दुखणी पळतात.
स्मारकापाशी मी चार शब्द बोललो. आपण पानिपत हरलो असं लोक म्हणतात. पण अब्दाली पुन्हा दिल्लीकडे फिरकला का? मराठ्यांनी हिंदुस्थानची बला आपल्या अंगावर घेतली. टाळ्या पडल्या. अण्णासाहेब दिघे तर गहिवरले, आणि ते मंडळाचे अध्यक्ष आहेत.
साधना सावलीत बसून होती. बसमध्ये एवढंच म्हणाली की, मेलेल्यांना विचारलं होतं का कुणी? बायकांना इतिहास कळत नाही. तिचा हात वर उचलत नाही. खिडकीची काच मी लावली.

१४ सप्टेंबर, रविवार.
अडीच महिने एकही मासा मेला नाही. अबोली खूश. हरीशला मात्र हे बरं वाटलं नाही, मलाही नाही. मासे मरत नसतील तर संकटं जाणार कुठे? ऑफिसात आणखी सात जण गेले. मला पदावर ठेवून केबिन काढून घेतली. ओपन ऑफिस ही अमेरिकन पद्धत आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
साधना आज परस्पर हॉस्पिटलात जाऊन आली! बरोबर शाळेतल्या अलकनंदाबाई. सुई घालून तपासायला घेतलं. मला फार लागलं. सांगितलं असतं तर आलो नसतो का? ती म्हणाली, एप्रिलपासून सांगतेय. ही अतिशयोक्ती आहे. रोजनिशी उघडून दाखवणार होतो, पण मागची पानं चाळायला वेळ झाला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
रिपोर्ट आला. तो शब्द लिहीत नाही.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कब से है? मी म्हणालो, दो-तीन हफ्ते. तोंडातून गेलं. साधना माझ्याकडे न बघता म्हणाली, “आठ अप्रैल से. उस दिन हमारा त्योहार था.” बाई लिहायच्या थांबल्या. मग त्यांनी खुर्ची थोडी फिरवली आणि पुढचं सगळं तिच्याशीच बोलल्या.
परत येताना साधना स्कूटरवर मला धरून बसली नाही. मागच्या स्टेपनीला धरून बसली.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
मेव्हणी संपदा पुण्याहून आली. दिल्ली बघायला असेल. तिला लाल किल्ल्याचं सुचवलं. तिनं आल्या आल्या कणीक भिजवायला घेतली. संध्याकाळी आतल्या खोलीत दोघी बहिणी रडत होत्या. मी टँकसमोर बसलो. मासे गुबगुबीत झालेत.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
आज हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट मिळणार होता. तो घेऊन ऑपरेशनची तारीख ठरवायला संपदा साधनाला घेऊन गेली, अबोली शाळेत. मी ऑफिसला फोन केला की ताप आहे.
नऊला पंप बंद केला. एकच हवा होता. काळा किंवा कुठलाही. अकराला सगळे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले. बघवेना, म्हणून टीव्ही लावला. बाराला पाहिलं, तसेच. एकला, तसेच. मी त्यांना मोठ्यानं म्हणालो, अरे, जा ना एक जण.
अबोली पावणेदोनला आली. दप्तर न काढता धावली आणि पंप लावला. पाच मिनिटांत नऊच्या नऊ खाली खेळायला लागले.
साडेतीनला दोघी आल्या. ऑपरेशन आता नाही. पाठीच्या कण्यात उतरलंय. आधी सलाईनमधून औषधं, मग बघू, असं सांगितलंय. मग बघू हे माझंच वाक्य, पण डॉक्टरांच्या तोंडून वेगळं वाटतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
अबोलीनं सकाळी विचारलं, पंप कोणी बंद केला? लाइट गेली असेल, म्हणालो. टीव्ही तर चालू होता, म्हणाली.  टँक स्वतःच्या खोलीत ओढून नेला. संपदानं हात लावला.
साधनानं हे पडल्या पडल्या ऐकलं असणार. हाक मारली. वाटलं, आता बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. केस विंचरत होती. म्हणाली, औषधानं जातील म्हणतात, तोवर विंचरून घेते. उद्या पहिलं सलाईन, साडेसातला निघायचंय. सहा तास लागतात. या वेळी याल ना बरोबर?
हो म्हणालो.
मला हॉस्पिटलातल्या त्या बाकावर बसायची भीती वाटते. फार वाटते.
उद्या ऑफिसात रिव्ह्यू आहे. संपदा आहेच. साधनाला सकाळी सांगेन.