कोपरा कापू नये

मी, डॉ. क्रांती आकाराम मगदूम, वय वर्षे बासष्ट, व्यवसाय प्राध्यापकी, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून घाई. डोके ठिकाणावर आहे. मान मात्र वर होत नाही, त्याचे कारण कलम तीनमध्ये आहे.

१. राहते घर भाची अनुजा हिला. बँकेतल्या ठेवी अनुजा आणि पुतण्या ऋतुराज यांना निम्म्या-निम्म्या. ऋतुराज, तोंड वाकडे करू नकोस. तुला घर दिले असते तर वर्षाच्या आत तिथे अपार्टमेंट उभे राहिले असते.

२. ‘न्याय्य व पारदर्शक एआय’ असे कोरलेले पितळी मानचिन्ह कुणीही शोकेसमध्ये ठेवू नये. वजनाला बरे आहे. अनुजाने लोणच्यावर दाब म्हणून वापरावे.

३. आता मुख्य. चित्र काढणाऱ्या मशीनने आपण कुणाकडून शिकलो ते उघड सांगावे, आणि श्रेय त्या माणसाला मिळावे, एवढेच मी जन्मभर शिकवले. त्यासाठी कोल्हापुरातल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो मशीनला दाखवले. निम्म्याहून जास्त पाट्या गैबी पेंटरच्या. माझ्या वडिलांच्या गुळाच्या पेढीचीही त्यांचीच. लहानपणी रेघ आखायच्या त्यांच्या खडूच्या दोरीचे टोक मी धरायची. अक्षराचे वळण मला त्यांनी दाखवले.

मशीन नव्या पाट्या काढू लागले, तर प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात काळी वळवळ. मी ती घाण ठरवली आणि सगळ्या फोटोंचे कोपरे कापून टाकले. पेंटर कोपऱ्यात सही करतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. मलाही होते. पण चित्र स्वच्छ दिसत होते ना!

पुरस्काराच्या समारंभात गैबीभाईंना पहिल्या रांगेत बसवले. मशीनकडून गुळाच्या पेढीची एक पाटी काढून घेतली आणि ऐटीत विचारले, हे वळण कुणाचे? पडद्यावर उमटले: आकाराम मगदूम. सहीचा कोपराच नव्हता, मग आमच्या पेढीच्या पाटीवर मोठ्या अक्षरात होते ते नाव त्याने उचलले. माझ्या बापाला सरळ रेघ ओढता येत नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी, लिहायलाही लाज वाटते, वडिलांच्या आठवणीने डोळे पुसले. चूक कळली तेव्हा माईक हातातच होता. बोलले नाही.

बाहेर चप्पल घालता घालता गैबीभाई म्हणाले, “क्रांते, पाटीवरचं नाव दुकानदाराचंच असतंय. कोपऱ्यातलं तेवढं माझं हुतं की.” त्यानंतर ते आमच्या गल्लीत फिरकले नाहीत. मी त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार होते?

४. या मशीनचे सर्व हक्क माझे आहेत, ते अनुजाला. ऋतुराजने कागलच्या एमआयडीसीतल्या कुणा फ्लेक्सवाल्याशी बोलणी चालवली आहेत, हे मला कळले आहे. विकायचे नाही. न कापलेले फोटो कपाटातल्या हार्डडिस्कवर आहेत. त्यांवरून मशीनला पुन्हा शिकवावे आणि तोच प्रश्न विचारावा. गैबी पेंटरचे नाव आले नाही तर सगळे पुसून टाकावे, माझ्या नावासकट.

५. माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स चौकात लावू नये.

६. गैबीभाईंना काही ठेवलेले नाही. निरोप धाडून विचारले, तर “मला काय नगं, तिला म्हणावं बरी हो” असे उत्तर आले. ज्याला काही मिळायचे नाही तोच साक्षीला बरा, म्हणून त्यांना साक्षीला बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. तरी वकिलांनी तो त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवावा, मी समोर बसलेली असताना. माफी मागायला मला दुसरा रस्ता सुचला नाही.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १६ जानेवारी २०२६
सही: क्रांती आकाराम मगदूम

साक्षीदार:
१. डॉ. कशिश मुल्ला
२. गैबी हुसेन मुजावर, पेंटर

टीप: साक्षीदार क्र. २ यांनी सर्व मजकूर ऐकून घेतला. वकिलांनी सहीसाठी रेघ दाखवली, ती त्यांनी घेतली नाही. “माझी जागा ठरल्याली हाय,” म्हणून पानाच्या उजव्या कोपऱ्यात सही केली. झेरॉक्स काढताना कोपरा कापू नये.