दोन इंचांचा चौकोन

२ मार्च, सकाळ
आजपासून घरच्या काँप्युटरवर लिनक्स. जुनी सिस्टीम काल स्वहस्ते पुसली. मेहुण्याला न विचारता केलं, हे विशेष. तो काँप्युटर दुरुस्त करतो म्हणून त्याला वाटतं, बाकीचं जग मठ्ठ. हिने विचारलं की प्रिंटर चालेल ना. म्हटलं, पळेल.

२ मार्च, संध्याकाळ
प्रिंटर दिसत नाही. म्हणजे टेबलावर दिसतो, काँप्युटरला दिसत नाही. किरकोळ बाब.

३ मार्च
हिला गायनमंडळाची ऑर्डर मिळालीय. सगळ्या गायकांची जांभळी जॅकेटं. पहिलीच मोठी ऑर्डर. ही नीट झाली तर मंडळ वर्षभराचे कपडे हिच्याकडूनच शिवून घेणार, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करत बसणं एकदाचं सुटणार. जॅकेटचा नमुना हिने काँप्युटरवर आखलाय. तो छापायचा, पानं एकमेकांना चिकटवायची, त्यावरून कापड बेतायचं. कार्यक्रम एकवीस तारखेला. म्हणजे वेळच वेळ.
भावाला फोन करू का, असं हिने विचारलं. मी मेलोय का, असं मी विचारलं. ही फोनकडे बघत राहिली. पूर्वी असल्या प्रश्नाला चटकन 'नाही' म्हणायची.

४ मार्च
प्रिंटर दिसला! ड्रायव्हरच्या यादीत आमचं मॉडेल नव्हतं, शेजारचं घेतलं. भाऊबंदच ते.

४ मार्च, जरा वेळाने
नमुना छापायला दिला. पानामागून पान. प्रत्येकावर वरच्या बाजूला एकच ओळ, त्यात प्रश्नचिन्हं आणि चौकटी. बंद केला. चालू केला. मघाशी थांबला तिथूनच पुढे सुरू. शेवटी कागदाचा ट्रेच काढून घेतला, तेव्हा कुठे गप्प बसला.
संकल्प: उद्यापासून आधी वाचायचं, मग बटण दाबायचं.

५ मार्च
ऑफिसला दांडी. पोट दुखतंय असं कळवलं. दुपारी खरंच दुखायला लागलं, तेव्हा खोटं बोललो असं काही नाही.
लिनक्सवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला. 'पेंग्विनकाका' नावाच्या गृहस्थाने उत्तर दिलं की त्याच्याकडे हाच प्रिंटर पहिल्या दिवसापासून मस्त चालतो. एवढंच. माणसाने इतकं दुष्ट असू नये.
मग दिसतील तेवढ्या कमांडा टर्मिनलमध्ये डकवल्या. न वाचता. माउस गेला.

७ मार्च
माउस ब्लूटूथवाला. तो जोडायला स्क्रीनवर 'जोडा' या बटणावर क्लिक करावं लागतं. क्लिक करायला माउस लागतो. बराच वेळ नुसता बसून होतो.
शेजारच्या दंतवैद्यबाईंकडून वायरचा माउस मागून आणला. तुलनात्मक अभ्यास चालू आहे, असं त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, दाढ काढायच्या आधी बघतात, तसं बघितलं.

८ मार्च
ही दुकानातून आली आणि चपलाही न काढता हिने विचारलं की छापलं का. म्हटलं, जवळजवळ. हिने सांगितलं की कापड नुसतं पडून आहे. गिरणीत तो रंग संपलाय, पुन्हा मिळायचा नाही. आणि आता कात्री लावली नाही तर शिवून पुरं होणार नाही. मला फार वाईट वाटलं. रागाने प्रिंटरला एक ठेवून दिली. लागलं मलाच.

९ मार्च
हताश आहे. प्रिंटर तसाच. स्कॅनरही रुसला. हेडफोनमधला आवाज आता मॉनिटरमधून येतो. मॉनिटरला आवाज असतो हेच मला माहीत नव्हतं.
मेहुण्याचा नंबर काढला. ठेवला. पुन्हा काढला. वाटलं, तो आपणहून चौकशी करेल. केली नाही. कोडगा!

१० मार्च
जिंकलो!!! खरा ड्रायव्हर सापडला. प्रिंटर पाण्यासारखा चालतोय. फक्त कडेच्या रेघा कापल्या जात होत्या. पण प्रिंटच्या खिडकीत 'पानात बसवा' अशी सोय आहे. टिक केली. सगळं कसं सुबक आत बसलं. या गोष्टी उपजत असाव्या लागतात.
पहिल्या पानावर नुसता एक चौकोन. खाली हिची सूचना: हा मोजून दोन इंच भरलाच पाहिजे. तेवढ्यासाठी अख्खा कागद? चौकोन स्क्रीनवरच फूटपट्टी लावून मोजला. किंचित कमी वाटला म्हणून झूम वाढवलं. बरोब्बर दोन इंच! पहिलं पान गाळलं.
बाकीची पानं स्वतः चिकटवून दिली. चौकोन मोजला का, असं हिने विचारलं. म्हटलं, जातीने, फूटपट्टी लावून. ही हसली. किती दिवसांनी हसली!

१३ मार्च
हिने कापडाचे थर लावले आणि एकदम कापलं. कात्री काय सुरेख चालते हिची. मी ऑफिसात सगळ्यांना उभं करून लिनक्स समजावलं. मेहुण्यालाही मेसेज टाकला की कधी अडलं तर संकोच करू नकोस.

१८ मार्च
कसं लिहू?
मंडळाच्या सेक्रेटरीबाई ट्रायलला आल्या होत्या. सोबत खर्जात गाणारे एक गृहस्थ. जॅकेट चढलं. ओढून-ताणून बटणही लागलं. मग बाईंनी त्यांना जरा गाऊन दाखवायला सांगितलं. त्यांनी श्वास घेतला आणि बटण कपाटाखाली गेलं. बाईंच्या जॅकेटचीही तीच गत. श्वास जरा बेताने घ्यावा, असं मी सुचवलं. कोणीही हसलं नाही.
ते गेल्यावर हिने पहिलं पान छापून मागितलं. छापून दिलं. हिने टेप लावला. चौकोन दोन इंच भरत नव्हता. 'पानात बसवा'ने अख्खा नमुनाच आकसला होता. थोडासाच. अगदी थोडासा! पण ही तिथेच जांभळ्या ढिगाशेजारी फरशीवर बसली. तुम्ही मोजला होता ना, असं विचारलं. हो म्हटलं. कुठे, असं विचारलं. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
डोळ्यांना सारखं पाणी येतंय. शाईची अ‍ॅलर्जी असणार.

१९ मार्च
मेहुणा आला. मला वाटलं काँप्युटर बघायला. त्याने काँप्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बहिणीसमोर मांडी घालून बसला आणि शिवणी उसवायला लागला. ही रुंदी वाढवायला दोन्ही बगलांखाली काळ्या कापडाच्या पट्ट्या घालतेय. दोघं जेवायलाही उठली नाहीत. मीही एक शिवण उसवायला घेतली. ती शिवण नव्हती, कापड होतं. मला चहा करायला पाठवलं.

२१ मार्च
कार्यक्रम झाला. सगळ्यांनी पोटभर श्वास घेतला. काळ्या पट्ट्या लोकांना इतक्या आवडल्या की सेक्रेटरीबाईंनी वर्षभराचं काम तिथेच हिला देऊन टाकलं. आता नमुना जरा लहान छापला गेलाच नसता तर पट्ट्या सुचल्या असत्या का? हा मुद्दा मी अजून घरात मांडलेला नाही. योग्य वेळ बघून मांडीन.

२३ मार्च
हिने दुकान सोडलं. नवे नमुने मात्र खाकी कागदावर, पेन्सिलीने, हाताने. काँप्युटरवर शिलाई मशीनचं कव्हर घातलंय. प्रिंटरवर इस्त्री ठेवलीय. प्रिंटर आता इतका छान चालतो!
संध्याकाळी हिने आतून हाक मारली. आपणहून! टेपचं एक टोक कागदावर धरायला. इतक्या दिवसांनी मला काम दिलं! चांगलं घट्ट धरलं. हिने दुसऱ्या टोकाला खूण केली, थांबली, वाकून माझ्या बोटांकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली की शून्यावर धरा, तुम्ही एकावर धरलंय.